परक्या हातचे सॉफ्टवेअर



गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतील पुष्कळ शाळांतून संगणक आले. काही सरकारी योजनेतून आले, काही गावच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून दिले, तर काही शहरातल्या एखाद्या कचेरीने नवी यंत्रे घेतली म्हणून जुनी इकडे पाठवली. अशा जुन्या यंत्रांवर लिनक्स घालण्याची रीत आता बरीच रूढ होत आहे. परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि दहा वर्षांचे यंत्रही त्यावर बऱ्यापैकी चालते. केरळात शाळांचे संगणक उबुंटूवर आधारलेल्या प्रणालीवर चालतात. आपल्या सी-डॅक या संस्थेनेही डेबियनवरून ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली सिद्ध केली आहे.

परंतु लिनक्स बरे की वाईट, हा काही आजचा विषय नव्हे. ते घातल्यानंतर जो प्रश्न दारात येऊन उभा राहतो, त्याविषयी मला बोलायचे आहे. प्रणालीबरोबर जे मिळाले नाही असे एखादे सॉफ्टवेअर हवे झाले, तर ते आणायचे कोठून, बसवायचे कसे, आणि बसवल्यानंतर त्याच्याकडे पाहायचे कोणी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणीही सांगतो. तिसरा प्रश्न मात्र, ज्या गुरुजींनी ते बसवले त्यांची बदली होईपर्यंत कोणाला सुचत नाही.

बोलणे नेमके व्हावे म्हणून मी डेबियन हीच प्रणाली पुढे धरतो. उबुंटू आणि बॉस या दोन्ही तिच्याच घराण्यातल्या, त्यामुळे जे सांगेन ते तिघींनाही लागू पडेल.

थोडे मागे जाऊ. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धाटणीचा लिनक्सचा गाभा लिहिला. त्या काळी या यंत्रांवर नवा प्रोग्रॅम बसवायचा म्हणजे त्याचा मूळ मजकूर आणायचा आणि आपल्याच यंत्रावर त्याचे भाषांतर करून तो चालता करायचा. म्हणजे पोळी खायची तर आधी गहू दळून आणा! शिवाय एका प्रोग्रॅमला दुसरा लागे, दुसऱ्याला तिसरा, आणि तिसऱ्याची नेमकी अमुकच आवृत्ती लागे. जाणती माणसेही यात दिवसचे दिवस घालवीत. १९९३ मध्ये इयन मर्डॉक या तरुणाने डेबियनची घोषणा केली, आणि ‘पॅकेज’ ही कल्पना या घराण्यात पक्की झाली. पॅकेजला मराठीत गासडी म्हणावे, पुडके म्हणावे, की आणखी काही, हे मी ठरवीत बसत नाही. आपण पॅकेजच म्हणू.

पॅकेजमध्ये तीन गोष्टी असतात. एक, तयार प्रोग्रॅम आणि त्याच्या फायली. दोन, एक चिठ्ठी. तिच्यात नाव, आवृत्ती, आणि हे पॅकेज चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात त्यांची यादी असते. आणि तीन, बसवताना व काढताना यंत्राने कोणती कामे करावीत याच्या लेखी आज्ञा. ही तिसरी गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

ही पॅकेजे डेबियनच्या कोठारात ठेवलेली असतात. आज त्या कोठारात साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. समजा, मुलांसाठी ‘टक्सपेंट’ हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम हवा आहे. टर्मिनल उघडून तुम्ही आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ अशी आज्ञा देता, म्हणजे कोठाराची ताजी यादी यंत्राकडे येते. मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टक्सपेंट’ म्हणता. यंत्र चिठ्ठी वाचते आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजे हुडकून काढते. ती पॅकेजे बसवू का, असे विचारून होकार मिळाला की ते कामाला लागते. पडद्यावरची मराठी अक्षरे फुटकी दिसत असतील, तर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज याच रीतीने येते. इथवर सारे सोपे आहे.

परंतु वाटेत कोणी पॅकेज बदलले नाही, हे यंत्राला कसे कळते? डेबियनची माणसे कोठाराच्या मुख्य यादीवर आपली गुप्त किल्ली वापरून सही करतात. ती सही पडताळण्याची उघडी किल्ली तुमच्या यंत्रात प्रणालीबरोबरच आलेली असते. मुख्य यादीत खालच्या याद्यांचे ठसे असतात, खालच्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. पॅकेजमधले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही, आणि ॲप्ट ते नाकारते. म्हणून पॅकेज कोणत्याही आडवाटेने आले तरी बिघडत नाही. सहीची साखळी अखंड असली म्हणजे झाले.

शेतकरी श्रोत्यांना ही गोष्ट नवी वाटायची नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर प्रमाणीकरण यंत्रणेचे निळे लेबल असते. ते बी कोणा तिसऱ्याने शेतात जाऊन पाहिलेले, तपासलेले असते. दुसरे असते सत्यदर्शक बियाणे, त्याला हिरवे लेबल. तिथे ज्याने बी तयार केले तोच म्हणतो, ‘यात अमुक आहे, जबाबदारी माझी.’ ते बी वाईटच असते असे मुळीच नाही. पुष्कळदा चांगलेच निघते. पण हमी कोणाची, हे लेबल पाहून तुम्हाला कळते. आणि तिसरी असते बाजारात सुटी, बिनलेबलाची पिशवी. सॉफ्टवेअरचेही हेच तीन प्रकार आहेत. डेबियनच्या स्वतःच्या कोठारातले पॅकेज हे निळ्या लेबलाचे. एखाद्या कंपनीने किंवा लेखकाने स्वतःचे वेगळे कोठार उघडून तिथे ठेवलेले, ते हिरव्या लेबलाचे. आणि इंटरनेटवर कोठेतरी सापडलेली फाईल, ती सुटी पिशवी. परक्या हातचे सॉफ्टवेअर म्हणतो ते या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला.

परक्याकडे जावेच का? जावे लागते, त्यालाही कारणे आहेत. डेबियनचे कोठार मुद्दाम सावकाश चालते. आजच्या आवृत्तीत आहे तोच प्रोग्रॅम पुढची दोन वर्षे तसाच राहील आणि केवळ दोषदुरुस्त्या येतील, असा त्याचा बाणा. एखादा प्रोग्रॅम नवाच हवा असला की तिथे तो मिळत नाही. काही प्रोग्रॅमचा मूळ मजकूर खुला नसतो, म्हणून डेबियन ते मुख्य कोठारात घेत नाही. गूगलचा क्रोम ब्राउझर हे याचे चांगले उदाहरण. त्याचा खुला भाऊ ‘क्रोमियम’ कोठारात आहे, पण क्रोमच हवा तर गूगलकडून पॅकेज आणावे लागते. ते बसवले की ते आपल्या कोठाराचा पत्ता आणि आपली किल्लीही यंत्रात नोंदवून ठेवते. यात लपवाछपवी काही नाही. गूगल हे उतरवून घेण्याच्या पानावर सांगते, आणि त्यामुळेच पुढे दोषदुरुस्त्या आपोआप येतात. तशी नोंद झाली नसती तर ब्राउझर जुना होत गेला असता, आणि जुन्या ब्राउझरसारखी धोक्याची दुसरी वस्तू यंत्रात नाही.

तर मग अडचण कोठे आहे? मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेल्या त्या तिसऱ्या गोष्टीत आहे. पॅकेज बसवताना त्यातल्या आज्ञा यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने चालतात. ‘सुडो’ हा शब्द तुम्ही लिहिता आणि परवलीचा शब्द देता, तेव्हा कुलमुखत्यारपत्रावर सही करता. पॅकेज नुसत्या फॉन्टचे असो, घड्याळाचे असो, की मुलांच्या खेळाचे; बसवण्याच्या त्या घटकेला ते यंत्रातील कोणतीही फाईल वाचू शकते, पुसू शकते, बदलू शकते. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, निकालपत्रके, सारे त्याच यंत्रावर असेल तर तेही. आणि परके कोठार एकदा नोंदवले की हे मुखत्यारपत्र दर वेळच्या अद्ययावतीकरणाला पुन्हा लागू होते. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, त्या कोठाराने उद्या डेबियनच्याच एखाद्या पॅकेजचे नाव घेऊन वरचा आवृत्तिक्रमांक पुढे केला, तर ॲप्ट नेहमीच्या नियमाने तो वरचा क्रमांक उचलते. ज्याला एक ब्राउझर देण्यापुरते घरात घेतले, तो स्वयंपाकघरातली भांडीही बदलू शकतो. यावर तोड आहे. कोणत्या कोठारातून काय घ्यावे याचा अग्रक्रम ठरवून देता येतो. त्याला ‘पिनिंग’ म्हणतात. प्रत्येक परक्या किल्लीला ‘साइन्ड-बाय’ या शब्दाने तिच्या एकाच कोठाराशी बांधूनही ठेवता येते. जुन्या पुस्तकांत ‘ॲप्ट-की’ या आज्ञेने किल्ली सर्वच कोठारांसाठी खुली करण्याची रीत दिलेली आढळेल. ती आता मागे पडली आहे, तिचे अनुकरण करू नये.

इथे मी २०२४ सालची एक हकीकत जरा विस्ताराने सांगतो. ‘एक्सझेड’ नावाचे फायली दाबून लहान करण्याचे एक साधेसे सॉफ्टवेअर आहे. ते जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रात असते, आणि जगाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. लासे कॉलिन हे गृहस्थ ते वर्षानुवर्षे, बहुतांशी एकटेच, फावल्या वेळात सांभाळीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारे कोणीतरी त्यांना मदत करू लागले. दुरुस्त्या पाठवल्या, विश्वास मिळवला, आणि हळूहळू नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळवला. मग २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या निघाल्या. त्यांत चाचणीच्या फायलींच्या पोटात एक चोरदार दडवलेले होते. दुरून यंत्रात शिरण्याचे जे अधिकृत दार असते, त्याचेच कुलूप त्यामुळे एका गुप्त किल्लीने उघडणार होते. हे सापडले कसे, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर असे दिसले, की दुरून आत शिरायला पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! तेवढ्यावरून ते माग काढीत गेले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारा प्रकार जगापुढे मांडला.

या हकीकतीतून लोक निरनिराळे धडे घेतात. कोणी म्हणतात, खुल्या सॉफ्टवेअरचा भरवसा नाही. हा निष्कर्ष मला उथळ वाटतो; मजकूर खुला होता म्हणूनच एका परक्या माणसाला तो उकलून पाहता आला. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. इथे सही खोटी नव्हती, ठसे जुळत होते. सही फक्त एवढेच सांगते, की वस्तू अमक्याच्या हातून आली. तो हात चांगला की वाईट, हे सही सांगू शकत नाही. आणि तरीही डेबियनच्या पक्क्या आवृत्तीवर चालणारी यंत्रे वाचली, ती कशामुळे? मधल्या ओसरीमुळे! डेबियनमध्ये नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या कच्च्या भागात येते, तिथे काही काळ काढून ‘टेस्टिंग’मध्ये जाते, आणि मगच पुढच्या ‘स्टेबल’ म्हणजे पक्क्या आवृत्तीत त्याला जागा मिळते. विषारी एक्सझेड पहिल्या दोन खोल्यांपर्यंत पोचले होते. तिसऱ्या खोलीत शिरण्याआधीच ते पकडले गेले. परक्या कोठाराला अशी ओसरी बहुधा नसते. लेखकाने आज सकाळी केलेले सॉफ्टवेअर संध्याकाळी तुमच्या शाळेच्या यंत्रावर असते. नव्याची हौस भागते, पण मधे थांबवून पाहणारे कोणी नसते, हा त्याचा खरा अर्थ.

न्याय्य बोलायचे तर, मधला हात चुकतच नाही असेही नाही. २००६ मध्ये डेबियनच्याच एका देखभालकर्त्याने ओपनएसएसएल या पॅकेजमध्ये केलेल्या बदलामुळे गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या बनू लागल्या, आणि हे ध्यानात यायला २००८ साल उजाडले. पण चूक कळल्यावर ती जाहीर झाली आणि दुरुस्ती त्याच कोठारातून सर्वांना मिळाली.

आता सुट्या पिशवीविषयी थोडे. इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी अशी सूचना असते, की अमुक एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा, बाकी सारे आपोआप होईल. ती ओळ दुरून एक मजकूर आणते आणि न वाचताच मालकाच्या अधिकाराने तो चालवते. कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करावी तसा हा प्रकार. निदान आधी तो मजकूर फाईलमध्ये उतरवून घ्यावा, आणि वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवावा. मूळ मजकुरावरून स्वतः बांधणी करून ‘मेक इन्स्टॉल’ केलेल्या प्रोग्रॅमची गोष्ट आणखी वेगळी. तो बहुधा ‘यूएसआर लोकल’ या कप्प्यात जाऊन बसतो आणि पॅकेजांच्या वहीत त्याची नोंदच होत नाही. पुढे तो काढायचा झाला तर कोणती फाईल त्याची, हे कोण सांगणार? ज्यांना हे शिकवण्यासाठी करायचे आहे त्यांनी खुशाल करावे, विद्यार्थ्यांना त्यातून पुष्कळ कळते. पण ज्या यंत्रावर शाळेचे रोजचे काम चालते त्यावर नको.

अलीकडे फ्लॅटपॅक आणि स्नॅप असे दोन प्रकार निघाले आहेत. त्यांत प्रत्येक प्रोग्रॅम आपली शिदोरी बरोबर घेऊन येतो आणि कुंपणाच्या आत चालतो, म्हणून तो मुख्य प्रणालीत ढवळाढवळ करीत नाही. ही सोय खरी आहे. पण शिदोरी जड असते. एका लहान प्रोग्रॅमबरोबर शेकडो मेगाबाइटचे ओझे येऊ शकते, आणि मोबाइलच्या इंटरनेटवर शाळा चालवणाऱ्याला ते परवडत नाही. कुंपणही ज्याचे त्याचे निरनिराळे. एखादा प्रोग्रॅम तुमचा सगळा घरचा कप्पा उघडा मागतो. आणि स्नॅपच्या दुकानातही २०१८ मध्ये २०४८ या अंकखेळाच्या नावाखाली यंत्राची ताकद चोरून आभासी नाणी खोदणारे पॅकेज सापडले होते.

बसवताना यंत्र जे विचारते ते वाचावे, हे सांगायला नको, पण सांगतोच. २०२१ मध्ये लिनस सेबास्टियन या कॅनडातील प्रसिद्ध व्हिडिओकाराने पॉप-ओएस या प्रणालीवर ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. पॅकेजातील एका दोषामुळे ॲप्टने डेस्कटॉपचा सारा पडदाच काढून टाकण्याचा बेत मांडला. तसा इशाराही दिला, आणि खात्रीसाठी ‘होय, सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे पूर्ण वाक्य लिहायला लावले. त्यांनी ते लिहिले, आणि पडदा गेला! दोष पॅकेजचा होता, यात वाद नाही. पण ‘ही पॅकेजे काढली जातील’ या शीर्षकाखालची यादी लांबलचक असेल तर हात आवरावा, ‘नाही’ म्हणावे. नाही म्हटल्याने काही बिघडत नाही. परक्या कोठाराची पॅकेजे आणि मूळ प्रणाली यांची सरमिसळ झाली की असे प्रसंग वरचेवर येतात. डेबियनची मंडळी अशा यंत्राला ‘फ्रँकेनडेबियन’ म्हणतात, निरनिराळ्या देहांचे तुकडे शिवून केलेला राक्षस!

आता बदलीचा प्रश्न. शाळेत बाकांची, कपाटांची, नकाशांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. खुर्ची मोडली तरी निर्लेखन केल्याशिवाय ती कागदावरून जात नाही. पण यंत्रात बाहेरचे काय घातले याची नोंद मात्र कोठेच नसते. उत्साही शिक्षक चार ठिकाणांहून चार गोष्टी आणून बसवतात, त्यांची बदली होते, आणि नव्याने आलेले शिक्षक त्या यंत्राला हात लावायला भितात. मग दोषदुरुस्त्या बंद पडतात आणि हळूहळू सारी प्रयोगशाळाच बंद पडते. अशी कुलूपबंद प्रयोगशाळा पाहिली नाही असा शिक्षक माझ्या ओळखीत थोडाच असेल. म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक परक्या पॅकेजला एक पान द्या. नाव, कोठून आणले तो पत्ता, तारीख, कशासाठी आणले, आणि काढायचे झाल्यास काय करावे, एवढे त्यावर लिहा. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा राहत असेल, तर ते पॅकेज बसवूच नका.

ज्यांना वही न ठेवलेले यंत्र वारशाने मिळाले आहे, त्यांनीही निराश होऊ नये. यंत्र स्वतः बरेच लिहून ठेवते. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा दिली, तर दुसऱ्या पॅकेजची गरज म्हणून ओढले गेलेले वगळून, मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांची यादी मिळते. ‘ॲप्ट पॉलिसी’ पुढे पॅकेजचे नाव दिले, की ते कोणत्या कोठारातले, हे समजते. ‘व्हार’मधील ‘लॉग’, त्यातील ‘ॲप्ट’ या कप्प्यात ‘हिस्टरी.लॉग’ नावाची फाईल असते. तिच्यात कोणत्या दिवशी कोणती आज्ञा दिली गेली आणि काय आले, काय गेले, हे तारीखवार मिळते. मात्र फार जुनी पाने यंत्र काढून टाकते, म्हणून यंत्र ताब्यात आल्याबरोबर ती उतरवून घ्यावी. आणि ‘ईटीसी’, ‘ॲप्ट’, ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ या वाटेने गेले की बाहेरच्या कोठारांचे पत्ते सापडतात. तिथे पाच-सहा पत्ते असतील तर एकेक घेऊन विचारावे, की हे कोठार अजून जिवंत आहे काय? कारण डेबियनची पक्की आवृत्ती साधारण पाच वर्षे सांभाळली जाते, पण परके कोठार त्याच्या मालकाच्या मनाला येईल तेव्हा बंद होते. बंद कोठारातले पॅकेज यंत्रात राहते आणि चालतेही. फक्त त्याला दुरुस्ती मिळत नाही, आणि ही गोष्ट ते सांगत नाही.

इंटरनेट मंद असलेल्या ठिकाणी आणखी एक युक्ती उपयोगी पडते. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे पॅकेज एका यंत्रावर बसवले आणि बाकीच्या यंत्रांना त्याचा पत्ता दिला, की प्रत्येक पॅकेज शाळेत एकदाच उतरते आणि दहाही यंत्रे ते तिथून घेतात. सहीची पडताळणी तरीही प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे करतेच, त्यामुळे धोका वाढत नाही.

काढण्याविषयी दोन शब्द, म्हणजे माझे काम झाले. ‘ॲप्ट रिमूव्ह’ने प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या मांडणीच्या फायली राहतात, ‘ॲप्ट पर्ज’ने त्याही जातात. विद्यार्थ्यांनी काढलेली चित्रे, लिहिलेले निबंध यांना दोन्हींपैकी एकही आज्ञा हात लावीत नाही. त्यानंतर ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ दिले, की केवळ त्याच्यासाठी आलेली सोबतची पॅकेजे निघतात. इथेही यादी वाचूनच ‘हो’ म्हणावे. परके पॅकेज असेल तर एवढ्याने काम संपेलच असे नाही. त्याच्या कोठाराचा पत्ता सोर्सेसच्या कप्प्यात आणि त्याची किल्ली ‘कीरिंग्ज’च्या कप्प्यात राहून गेलेली असू शकते. आधी पत्ता काढावा, मग किल्ली काढावी, ‘ॲप्ट अपडेट’ एकदा चालवून तक्रार येत नाही ना ते पाहावे, आणि वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारून तारीख घालावी.